वयात येणारी मुले आणि ‘मी कमी आहे’ ही समजूत

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



 आम्ही म्हणजे शाळेत शिकवणारे आणि शाळा सुटल्यावर मुलांशी त्यांच्या मनातलं बोलणारे काही जण. हे काम एकट्याने होत नाही, म्हणून बोलतानाही आम्ही ‘आम्ही’ असंच बोलतो. समितीने सांगितलं होतं की मुलांना काही उपयोगाचं सांगा. मुलांना तर सांगूच, पण त्याआधी मोठ्यांशी बोलणार आहोत. कारण आजचा जो विषय आहे, ते दुखणं दिसतं मुलांमध्ये, पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा मोठ्यांच्या तोंडून झालेली असते.

पोराच्या अंगात ताप भरला की आपण रात्री बारा वाजतासुद्धा डॉक्टरचं दार ठोठावतो. पोर लंगडत घरी आलं की विचारतो, काय रे, काय झालं? पण तेच पोर गप्प गप्प राहू लागलं, जेवणावरून उठू लागलं, मित्रांना टाळू लागलं, तर आपण काय म्हणतो? ‘वयच आहे तसं, होईल सरळ.’ नाहीतर, ‘लई माजलाय, दोन ठेवून द्या.’ मनाला लागलेला मार दिसत नाही, म्हणून तो नसतोच असं आपण धरून चालतो.

तो असतो, बंधूंनो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात १० ते १९ या वयाच्या साधारण दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. आपल्या देशात २०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये असा विकार आढळला. म्हणजे शंभर मुलांमागे सात. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ सालचा अहवाल तर वाचवत नाही. त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतले सर्वांत जास्त, १,७६४ विद्यार्थी, आपल्या महाराष्ट्रातले होते. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील. गरिबी असेल, मारहाण असेल, आजार असेल, परीक्षा असेल. एका माणसाच्या मरणाला सहसा एकच कारण नसतं. पण संकटात सापडलेल्या मुलांशी बोललं की एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू येतं. ते वाक्य म्हणजे, ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे.’ आज आम्ही या एकाच वाक्याबद्दल बोलणार आहोत.

मानसशास्त्रात याला मूळ धारणा म्हणतात. म्हणजे मनाच्या तळाशी बसलेली, स्वतःबद्दलची पक्की समजूत. हा विचार ज्यांनी मांडला ते अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. ॲरन बेक. त्यांचा जन्म १९२१ चा, आणि शंभर वर्षांचे होऊन ते २०२१ साली वारले. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना त्यांच्या ध्यानात आलं की या माणसांच्या मनात सारखे काही विचार आपोआप उमटत असतात, आणि ते विचार तीन दिशांनी जातात. मी वाईट, जग वाईट, आणि पुढेही सगळं वाईटच होणार. या विचारांच्या खाली माणसाने स्वतःला घालून घेतलेले नियम असतात, आणि त्याच्याही खाली ही मूळ धारणा.

आपल्या शेतकरी बांधवांना हे लगेच कळेल. रानात हराळी माजली आणि तुम्ही ती वरवर खुरपली, तर आठ दिवसांत ती पुन्हा उगवते. कारण मूळ खाली तसंच राहिलेलं असतं. मुलाला ‘असा विचार करू नकोस रे’ म्हणणं म्हणजे वरवरची खुरपणी आहे. खाली काय आहे ते पाहिलं पाहिजे.

खाली साधारण तीन प्रकारची वाक्यं सापडतात. एक, ‘मला काहीच जमत नाही.’ दोन, ‘माझ्यावर कोणी माया करणार नाही.’ आणि तीन, ‘माझी काही किंमतच नाही.’ मूल हे बोलून दाखवत नाही. कित्येकदा त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. डोळ्यावर रंगीत चष्मा असला की माणसाला चष्मा दिसत नाही, सगळं जगच त्या रंगाचं दिसतं. तसंच हे.

खुद्द बेक यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लहानपणी त्यांचा हात मोडला, जखम चिघळली, जिवावर बेतलं. त्यात शाळा बुडाली आणि ते एक वर्ष मागे पडले. त्या पोराने मनाशी काय ठरवलं? मी मठ्ठ आहे. आजारपणामुळे शाळा बुडाली हे खरं कारण बाजूला राहिलं आणि ‘मी मठ्ठ’ हे मनात बसलं. पुढे भावांच्या मदतीने अभ्यास करून त्यांनी ते वर्ष भरून काढलं आणि बरोबरीच्या मुलांच्याही पुढे गेले. तेव्हा कुठे ती समजूत सुटली. ती सुटली नसती तर जगाला हे डॉक्टर मिळाले नसते.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. ही कोणी एक मुलगी नाही, अशा पुष्कळ मुलींवरून आम्ही जुळवलेली गोष्ट आहे. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत पहिल्या तिघांत येणारी मुलगी तालुक्याच्या हायस्कूलला गेली. तिथे सेमी-इंग्लिश. गणिताच्या तासाला तिने उत्तर दिलं, उच्चार चुकला, वर्ग हसला. सर म्हणाले, ‘बस खाली, तुमच्याकडून काय अपेक्षा ठेवायची!’ सर विसरून गेले. वर्गही विसरला. ती विसरली नाही. तिने मनाशी एक नियम केला, की आता हात वर करायचाच नाही. हात वर केला नाही म्हणून शंका विचारली नाही. शंका राहिली म्हणून गणित कच्चं राहिलं. कच्चं राहिलं म्हणून चाचणीत मार्क कमी पडले. आणि मार्क पाहून ती म्हणाली, ‘बघा, मला येतच नाही.’

पाहिलंत? समजुतीने स्वतःचा पुरावा स्वतःच तयार केला. याच्या उलट, त्याच मुलीला मराठीत वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले, तर ती म्हणते, ‘मराठी काय, सोपंच असतं.’ वाईट गोष्ट घडली की ती माझ्यामुळे, आणि चांगली घडली की ती योगायोगाने. मूळ धारणा अशी दारावर बसलेली असते. विरुद्ध पुराव्याला आत येऊ देत नाही, आणि आपल्या बाजूच्या पुराव्याला बोलावून बोलावून आत घेते.

हे वयच का धोक्याचं, असं कोणी विचारेल. दहा वर्षांचं मूल आई-बापांच्या डोळ्यांतून स्वतःकडे पाहतं. चौदा वर्षांचं मूल साऱ्या जगाच्या डोळ्यांतून पाहू लागतं. शरीर बदलत असतं, आवाज फुटत असतो, चेहऱ्यावर मुरुमं येत असतात, आणि ‘मी कोण’ हा प्रश्न नव्यानेच पडलेला असतो. भावना जोरात उसळतात, पण त्यांना आवर घालणारा, पुढचा-मागचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. अशा वेळी जे कानावर पडतं ते ओल्या सिमेंटवर उमटलेल्या पावलासारखं राहून जातं. त्यात आता खिशात मोबाईल आलाय. पूर्वी वर्गातलं हसणं शाळा सुटली की मागे राहायचं. आता ते ग्रुपवरून घरापर्यंत येतं आणि रात्री पांघरुणातसुद्धा वाजतं.

आणि कानावर पडतं तरी काय? घरात ‘दगड’, ‘ढ’, ‘तुझ्या बापाला फसवतोयस.’ ‘शेजारच्या पोराकडे बघ जरा.’ मुलगी असेल तर ‘काळी आहेस, शिकलीस तरच कोणी बघेल.’ शाळेत आमच्या मुलांसाठी आणखी एक वेगळं वाक्य असतं. भरलेल्या वर्गात कोणीतरी म्हणतं, ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा.’ स्कॉलरशिप हा मुलाचा हक्क आहे, त्यात लाज कसली! पण ती हाक ज्या सुरात मारली जाते त्या सुरात लाज मिसळलेली असते. चाळीस डोळे वळतात. त्यानंतर कोणी ‘तुझं काय बाबा, तू कोट्यातला’ म्हणालं की काम पुरं होतं.

याने काय होतं, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अभ्यासक बाईंनी उत्तर प्रदेशातल्या गावांत तपासून पाहिलं. त्यांचा निबंध २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जितके सोडवाल तितके पैसे. काही मुलं तथाकथित वरच्या जातींची, काही दलित. कोणाचीही जात न सांगता कोडी सोडवायला दिली तेव्हा दोघांच्या कामात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग दुसऱ्या गटांत आधी सर्वांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं, आजाचं नाव आणि जात वाचून दाखवली, आणि तशीच कोडी दिली. आता दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या ठळकपणे खाली आली. कोडी त्याच प्रकारची होती आणि मुलांची बुद्धीही त्याच तोडीची होती. मधे फक्त एक यादी वाचली गेली होती.

ही गोष्ट आम्ही प्रत्येक पालकसभेत सांगतो, कारण तिच्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. ‘कमीपणा’ मुलाच्या आत जन्माला आलेला नव्हता. तो बाहेरून ऐकवला गेला आणि त्या क्षणी कामाला लागला. जे बाहेरून आलं आहे त्याला बाहेरचा रस्ताही दाखवता येतो.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. काही शहाणे लोक मुलांना सांगतात, ‘सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत, सकारात्मक विचार कर.’ आम्हाला हे पटत नाही. अपमान झाला हा मनाचा खेळ नाही, तो खरोखर झालेला असतो. घरात पैसा नाही हा विचार नाही, ती वस्तुस्थिती आहे. अन्यायाला अन्यायच म्हटलं पाहिजे आणि त्याच्याशी कायद्याने, संघटनेने लढलंच पाहिजे. पण मुलाच्या मनात दोन वाक्यं एकमेकांना चिकटलेली असतात. ‘वर्ग मला हसला, म्हणून मी मूर्ख आहे.’ ‘मी नापास झालो, म्हणून मी बिनकामाचा आहे.’ ‘बाबा दारू पिऊन मारतात, म्हणून मीच नकोसा आहे.’ यातलं पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं खोटं असतं. आणि दोघांना जोडणारा जो ‘म्हणून’ आहे, तिथेच सगळी मेख आहे. मुलाला पहिलं वाक्य विसरायला लावायचं नाही. त्याला त्या ‘म्हणून’पाशी थांबवायचं आणि विचारायचं, बाळा, हे यावरून कसं काय ठरलं?

कालामांना तथागतांनी जे सांगितलं ते आपण या विहारात अनेकदा ऐकलं आहे. परंपरेने आलं, कोणी मोठ्याने सांगितलं, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखा. आपण हा नियम देव-दैव, अंधश्रद्धा यांना लावतो. तोच नियम ‘मी कमी आहे’ या वाक्याला का लावू नये? हेही कोणीतरी सांगितलेलंच वाक्य आहे. बेक यांची उपचारपद्धती करते ते याच जातीचं काम आहे. विचाराला पुराव्याच्या पिंजऱ्यात उभं करायचं. त्याआधी, १९५५ साली, अल्बर्ट एलिस यांनीही विवेकाच्या आधाराने उपचार सुरू केले होते. कि. मो. फडके यांनी ते मराठी वाचकांपर्यंत आणले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांची आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम मराठीतून करते आहे. तेव्हा हे काही परदेशी, श्रीमंतांचं खूळ नाही.

साताऱ्याच्या शाळेत एक मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. शिपाई असेल तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. ‘तू कमी आहेस’ हे त्या मुलाला रोज, सगळ्या गावाकडून ऐकवलं जात होतं. तरी ते त्याच्या तळाशी जाऊन बसलं नाही. का बसलं नाही? बुद्धी असामान्य होतीच. पण त्याबरोबर घरात रामजी सुभेदार होते, जे पेन्शनवर घर चालवतानाही मुलाच्या पुस्तकांना नाही म्हणत नव्हते. पुढे मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं, आणि पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकला. समोर सारा समाज उभा होता, आणि पाठीशी अशी दोन-चार माणसं होती, ज्यांच्या डोळ्यांत त्या मुलाची किंमत पूर्ण होती.

असामान्य माणसाचं सोडा, तुमच्या-आमच्या मुलांचं काय, असं म्हणाल. तर हवाई बेटांपैकी काउआई बेटावर एमी वर्नर या बाईंनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. त्यातली जी मुलं गरिबी, भांडणं, व्यसनं अशा घरांत वाढली, त्यांच्यापैकीही साधारण एक तृतीयांश मुलं नीट, समर्थ माणसं झाली. त्या मुलांमध्ये वारंवार सापडलेली एक गोष्ट म्हणजे त्यांच्या आयुष्यात टिकून राहिलेलं एक तरी मायेचं मोठं माणूस. आईबापच असले पाहिजेत असं नाही. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, कोणीही. माता-भगिनींनो, या विहारात अशी माणसं होण्यासारखी कितीतरी माणसं आत्ता बसलेली आहेत.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली, चुकीला नाव द्या, मुलाला नाव देऊ नका. ‘तू आळशी आहेस’ आणि ‘आज तू अभ्यास केला नाहीस’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आजची चूक उद्या सुधारता येते. ‘आळशी’ हा शिक्का कसा पुसणार?

दुसरी, कौतुकसुद्धा जपून करा. १९९८ साली कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस.’ काहींना म्हटलं, ‘तू मेहनत घेतलीस.’ नंतर अवघड कोडी देऊन दोघांनाही अपयश येऊ दिलं. ‘हुशार’ म्हटलेली मुलं लवकर खचली आणि पुढे त्यांचं काम बिघडलं. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. कारण हुशारीवर किंमत ठरली की एका अपयशात सगळी किंमत जाते.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. एक दोनशे पानी वही घ्या. पानावर मधोमध रेघ मारा. मनात येणारं वाक्य वर लिहा, जसं की, ‘मला काहीच जमत नाही.’ एका बाजूला त्याचे पुरावे लिहा, दुसऱ्या बाजूला विरुद्ध पुरावे. पुरावा म्हणजे घडलेली गोष्ट, वाटलेली नव्हे. ‘सगळे मला हसतात’ हा पुरावा नाही. ‘मंगळवारी दोघे हसले’ हा पुरावा आहे. उजवीकडे बारीकसारीक सगळं लिहा. धाकट्या भावाला पाढे शिकवले, आजीचं औषध आणलं, सायकलची चेन बसवली. एका दिवसात काही होणार नाही. वर्षानुवर्षं बसलेली समजूत महिन्या-दोन महिन्यांनी जरा हलते. आणि शेवटी ‘मी लई भारी’ असं लिहायचं नाही, तेही खोटंच होईल. लिहायचं असं, ‘काही गोष्टी मला जमतात, काही अजून जमत नाहीत.’ हे वाक्य खरं आहे म्हणून ते टिकतं.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांसाठी, म्हणजे समाज म्हणून. वस्तीवस्तीत दहावी-बारावीच्या निकालानंतर गुणगौरव समारंभ होतो. चांगली प्रथा आहे, ती चालू राहिली पाहिजे. पण त्या दिवशी विहाराकडे न फिरकणाऱ्या मुलांची आठवण कोणी काढतं का? ज्याला ४२ टक्के पडले, जो गणितात राहिला, तो त्या संध्याकाळी कुठे असतो? आमची सूचना अशी आहे. जो पडून पुन्हा उभा राहिला त्याचाही सत्कार करा. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, वर्ष वाया जात नाही. ती पास होणाऱ्याला हार घाला. आय.टी.आय.ला गेलेल्याला घाला. आईच्या आजारपणात घर सांभाळून पास झालेल्या मुलीला घाला. आणि अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी एक जाणतं माणूस नुसतं बसू द्या. उपदेश करायला नको, ऐकायला हवं. ‘समाजाचं नाव काढ’ हे ओझं पोराच्या खांद्यावर ठेवताना, तू आहेस तोच आम्हाला हवा आहेस, हेही त्याला कोणीतरी सांगितलं पाहिजे.

आता शेवटचा आणि गंभीर मुद्दा. वही, कौतुक, माया हे सगळं खरं, पण आजार झाला असेल तर आजारावर उपचार लागतो. या वयातलं नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. पुष्कळदा ते चिडचिडीतून दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास किंवा चिडलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या खेळातून मन उडालं असेल, डोकं-पोट सारखं दुखत असेल, अभ्यास अचानक घसरला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोललं, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, अंगावर जखमा करून घेऊ लागलं, तर दोन आठवडे तर सोडाच, दोन तासही थांबू नका. सरळ विचारा, ‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने डोक्यात विचार घातला जाईल अशी भीती असते, ती खोटी आहे. विचारल्याने मूल मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर रात्री-बेरात्री केव्हाही, मराठीतूनही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लोक गोष्ट झाकतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. उपचाराने फरक पडतो. अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. औषध आणि विचारांवर काम करणारे उपचार दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी ७१ टक्के मुलं बारा आठवड्यांत चांगली सुधारली. औषध डॉक्टरांनीच द्यायचं आणि डॉक्टरांनीच बंद करायचं, एवढं लक्षात ठेवा.

मुलांनो, आता फक्त तुमच्यासाठी. तुमच्या मनात जर ते वाक्य असेल, तर ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोणीतरी रागात, कोणीतरी अज्ञानात, कोणीतरी शेकडो वर्षांच्या सवयीने ते तुम्हाला ऐकवलं आणि तुम्ही ते जपून ठेवलंत. ते खरं मानण्याची तुमच्यावर सक्ती नाही. एका तरी माणसाला ते मोठ्याने सांगा. मनात असताना ते फार मोठं वाटतं, बाहेर काढलं की त्याच्याकडे नीट बघता येतं. पहिल्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा, दुसऱ्याने नाही ऐकलं तर तिसऱ्याकडे. आम्ही इथे कार्यक्रम संपल्यावरही बसणार आहोत.

आणि पालकहो, आज घरी गेल्यावर भाषणाची परीक्षा घेऊ नका. ‘ऐकलंस ना काय सांगितलं!’ असं म्हणू नका. जेवताना मुलाशेजारी बसा आणि मार्कांशिवाय दुसरं काहीतरी विचारा. एवढं झालं तरी आमचं येणं सार्थकी लागलं असं आम्ही समजू.



जयभीम! नमो बुद्धाय!